कर्तव्य त्याचं, पाळतेस तू

ताई,

मी मूळची साताऱ्याची. दुबईत अकाउंट्सची नोकरी करत असताना नवऱ्याची ओळख झाली. तो अझरबैजानचा. लग्नाला पाच वर्षं झाली, मुलगी अडीच वर्षांची आहे. बाकूजवळच्या सुमगाईत शहरात आम्ही सासूबाईंबरोबर राहतो. नवरा तीन भावांत धाकटा, आणि इथल्या रीतीप्रमाणे आईवडील धाकट्याकडे राहतात. तो पंधरा दिवस कॅस्पियन समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, पंधरा दिवस घरी. घरी म्हणजे चायखान्यात नर्द खेळायला, कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणी गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला. रात्री येतो तेव्हा सासूबाई जाग्या असतात. मी चहा ठेवते, ते दोघं बोलत बसतात.

सासूबाई वाईट नाहीत. मारहाण, शिवीगाळ काही नाही. पण येईल त्याला चहा मी द्यायचा, पेला रिकामा दिसला की भरायचा, आणि सगळ्यांचं झालं की मी बसायचं. दोघी मोठ्या जावा बाकूत वेगळ्या राहतात. सणाला येतात आणि पाहुण्यांसारख्या बसतात. सासूबाई काराबाखमधल्या आग्दामच्या. सासरे आर्मेनियाशी झालेल्या युद्धात गेले. १९९३ मध्ये त्या घर सोडून पळाल्या तेव्हा माझा नवरा तीन वर्षांचा, त्यांच्या कडेवर होता. मी काही बोलायला गेले की तो हेच सांगतो. आता त्यांना आग्दामला परत जायचंय, आणि तो म्हणतो, आपणही जाऊ.

इथे लग्नात नवरीच्या कमरेला लाल फीत बांधायला तिचा भाऊ लागतो. माझा भाऊ येऊ शकला नाही, तेव्हा नवऱ्याच्या मावसभावाने बांधली. सगळे हसले, मीही हसले. हल्ली ते सारखं आठवतं. घरात दिवसभर माणसं असतात आणि संध्याकाळी लक्षात येतं की आज मी कुणाशीच बोलले नाही. मुलीला घेऊन साताऱ्याला निघून जाऊ का? की हाच संसार असतो?

– सुमगाईतची एक सून

ता. क. मुलीशी मी मराठीत बोलते ते सासूबाईंना आवडत नाही. काय करू?

---

प्रिय सुनबाई,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, नाहीतर तो मनात ठेवून तुला पुढचं वाचवणार नाही. साताऱ्याला जा. नवऱ्याला सांगून, सासूबाईंचा निरोप घेऊन, परतीचं तिकीट काढून जा. निघून मात्र जाऊ नकोस. माहेरी जाऊन राहणं हा तिथल्या सुनेचाही मान्य हक्क आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. मुलीला गुपचूप घेऊन जाणं हे वेगळं प्रकरण आहे. ते दोन देशांच्या कायद्यांत अडकतं आणि वर्षानुवर्षं सुटत नाही. बापाची नोटरीसमोर केलेली लेखी संमती हातात असल्याशिवाय तिला घेऊन विमानतळाची पायरी चढू नकोस.

आता त्या लाल फितीबद्दल. तू ती आठवण ओझरती लिहिली आहेस, पण मला वाटतं तुझ्या पत्राचा गाभा तिथेच आहे.

माझ्या नवऱ्याच्या तेलाच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बाकूत होतो. शेजारपाजारच्या लग्नांना मी हौसेने जायचे. भाऊ ती फीत बहिणीच्या कमरेभोवती तीनदा फिरवतो आणि तिसऱ्यांदा गाठ मारतो. बघायला छान वाटतं, फोटो निघतात. पण ती एकटी रीत नाही, एका मोठ्या मांडणीतली आहे. आधी मुलाकडची वडीलधारी माणसं बोलणी करायला येतात. मुलीकडचे लगेच हो म्हणत नाहीत, त्यांना पुन्हा येऊ देतात, आणि होकार ठरला की साखर घातलेला चहा पुढे येतो. मग साखरपुडा, मिठाईची सजवलेली ताटं, मेंदीची रात्र. मुलगी निघते तेव्हा बरोबर आरसा आणि दिवा नेतात, आणि पलंग-गाद्यांपासून पेल्यांपर्यंतचं सामान तिच्या बापाने दिलेलं असतं. त्यातला खर्च आणि बडेजाव मला कधी आवडला नाही, आणि हे सामान कितीचं यावरून होणारी कुजबुज तर आपल्याकडच्या रुखवताची आठवण करून देते. तरी या सगळ्यातून सासरच्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जाते: ही मुलगी एकटी आलेली नाही, तिच्यामागे एक घर उभं आहे.

लग्नानंतरही ते घर दिसत राहतं. नवरोजला, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाच्या सणाला, लेकीकडे माहेरचा वाटा जातो. काही बिनसलं तर ती चार दिवस बापाच्या घरी जाऊन राहते. मग दोन्हीकडची पिकल्या केसांची माणसं बसतात. पुरुषांमधल्या अशा ज्येष्ठाला आग्सग्गाल म्हणतात, बायकांमधलीला आग्बिर्चेक. चहा होतो, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात आणि सुनेला मानाने परत आणतात. बहुतेक वेळा काहीतरी कबूल करून आणतात. नेहमी न्याय होतो असं नाही. पुष्कळदा भाऊच म्हणतो, ‘सांभाळून घे.’ जुन्या काळी तर नवी सून सासऱ्यासमोर तोंडावर याश्माग ओढून घ्यायची आणि अवाक्षर बोलायची नाही. तो पदर शहरांतून कधीच गेला, गप्प बसणं मात्र बऱ्याच घरांत उरलं. तेव्हा तिथल्या सुना सुखात असतात आणि तूच तेवढी दुःखी, असं मी म्हणत नाहीये. त्यांच्यातल्याही कितीतरी जणी रात्री ओट्याशी उभ्या राहून एकट्याच रडतात.

पण त्यांच्याकडे तक्रार घेऊन जायला एक दार असतं. सुनेची सगळी कामं तुझ्या वाट्याला आली, सुनेची माणसं आली नाहीत. तू त्या मांडणीत अर्धीच शिरली आहेस आणि ते अर्धं फक्त कष्टाचं आहे. दिवसभर माणसांत असून एकटं वाटणं हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, आणि ‘मी जुळवून घेण्यात कमी पडते’ हा विचार तर डोक्यातून काढूनच टाक.

दुसरी गोष्ट नवऱ्याची, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

धाकट्या मुलाने आईला सांभाळायचं ही त्यांची रीत आहे आणि ती मला वाईट वाटत नाही. वडिलांचं घर धाकट्याला मिळतं, त्याबरोबर म्हातारपणही त्याच्याकडे येतं. व्यवहार सरळ आहे. पण कर्तव्य कुणाचं? मुलाचं. तुझ्या घरात ते कोण पाळतं? तू. आईला औषध तू देतेस, आईच्या पाहुण्यांचं तू बघतेस, आईची संध्याकाळ तूच सोबतीने काढतेस, आणि चांगला मुलगा म्हणून नाव त्याचं होतं. तो आईशी रात्री गप्पा मारतो हे चांगलंच आहे. पण त्या गप्पांचा चहासुद्धा तू करतेस. बायकोच्या हातून मातृसेवा करवून घेणारे मुलगे फक्त कॅस्पियनच्या काठी असतात असं आपल्याकडच्या वाचकांनी समजू नये. साताऱ्यात आणि सोलापुरात ते घराघरांत आहेत, फक्त त्यांच्या चायखान्याला आपण कट्टा म्हणतो.

सासूबाईंचं दुःख मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. आग्दाम २३ जुलै १९९३ रोजी आर्मेनियन फौजांच्या हाती गेलं. लाखो अझरबैजानी त्या युद्धात बेघर झाले, आणि पुढची कित्येक वर्षं तंबूत, मालगाडीच्या डब्यात, वसतिगृहाच्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबं राहिली. तिकडच्या बाजूलाही लाखो आर्मेनियन आपली घरं सोडून गेले, आणि सुमगाईत तर या भांडणातल्या, १९८८ मध्ये आर्मेनियनांवर झालेल्या हिंसेचं गाव. तिथल्या जुन्या इमारतींना बरंच काही माहीत आहे. तिशीतली विधवा, तीन मुलगे, त्यातला एक कडेवर. अशा बाईने मुलांना घट्ट धरून ठेवलं तर तिला नावं कोण ठेवील? तिचं गाव गेलं, शेजार गेला, नवरा गेला. राहिले ते हे तिघे, आणि त्यातला कडेवरचा तिला सगळ्यात जवळचा.

तुझ्या नवऱ्याचंही बघ. ‘तुझ्यामुळे मी जगले’ हे ऐकत तो मोठा झाला असणार. अशा मुलाला आईला नाही म्हणायला कुणी शिकवलेलंच नसतं. त्याला ते निष्ठुरपणाचं वाटतं. म्हणून तो घरातून बाहेर पळतो. चायखाना, लग्न, चाळिसावा, सगळी कारणं सामाजिक आणि आदरणीय. आईलाही नाही म्हणावं लागत नाही, तुलाही हो म्हणावं लागत नाही.

हे समजून घे, पण त्यावर विरघळू नकोस. १९९३ मध्ये जे झालं त्याची भरपाई सातारच्या मुलीने आपल्या उमेदीच्या वर्षांतून करावी असं कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. त्याच्या आईच्या हालांची गोष्ट तो तुझ्या तोंडावर ठेवतो तेव्हा तू एकदा शांतपणे विचार: ‘त्यांनी एवढं सोसलं, म्हणून तू त्यांच्यासाठी काय करतोस? मी नाही, तू.’

हे घरात विचारू नकोस. तीन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोचं भांडण म्हणजे सासूबाईंसमोरचं भांडण, आणि त्यांच्यासमोर तो तुझी बाजू घेऊच शकणार नाही. वडीलधाऱ्यांपुढे बायकोशी लाडीगोडीने वागणंही जिथे ‘आयिब’, म्हणजे लाजिरवाणं, मानतात, तिथे बायकोची बाजू घेणं तर दूरच. समुद्रावरून आल्यावरचा पहिला दिवस त्याला झोपू दे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलीला सासूबाईंजवळ ठेव आणि त्याला घेऊन सकाळची बाकूची गाडी पकड, नाहीतर सुमगाईतच्या समुद्राकाठच्या बुलवारवर जा. आणि दुबईत तुम्ही ज्या भाषेत एकमेकांशी बोलत होतात त्याच भाषेत बोल. अझरबैजानीत सध्या तुझ्याकडे ‘चहा आणू का’ आणि ‘जेवण झालं का’ एवढंच असेल. त्या भाषेत तू घरची सून आहेस. ज्या बाईच्या तो प्रेमात पडला ती दुसऱ्या भाषेत बोलत होती, तिला जरा बाहेर काढ.

‘मला वेळ देत नाहीस’ असं म्हणू नकोस. त्यावर तो ‘पुढच्या खेपेला देईन’ म्हणेल आणि विसरेल. ठरावीक गोष्टी माग. पंधरा दिवसांत एक पूर्ण दिवस तुम्हा तिघांचा, घराबाहेर, त्या दिवशी कुणाचं लग्न असलं तरी. सासूबाईंचा डॉक्टर, त्यांची बँक, त्यांची सरकारी कामं तो घरी असताना त्याने करायची. संध्याकाळी अमुक वाजल्यानंतर येणाऱ्या पाहुण्याचा चहा घरातल्या मुलाने केला तर आकाश कोसळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईला हे त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःचं म्हणून सांगायचं. ‘तिला असं वाटतंय’ म्हणून सांगितलं की संपलं. तू घर फोडणारी ठरलीस. ‘मी ठरवलंय’ म्हणून सांगितलं तर आई चार दिवस रुसेल आणि मग ऐकेल. धाकट्याचं ऐकायची सवय तिलाही असणारच.

तो कदाचित म्हणेल, लोक काय म्हणतील. त्यांच्याकडे ‘गेयरेत’ म्हणून पुरुषाचा एक मोठा गुण मानतात: आपल्या माणसांच्या मानाची राखण करणं. त्याला सांग, परदेशातून, भावाशिवाय, बापाशिवाय तुझ्या घरात आलेल्या मुलीची राखण करायला तुझ्याखेरीज दुसरं कोण आहे? हे मी तुला नाटक म्हणून शिकवत नाहीये. त्याच्या मनात ते मूल्य खरंच आहे, फक्त त्यात तुझी जागा कुठे हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

आता जावा. तू त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं आहेस आणि त्यात राग आहे. साहजिक आहे. पण मोठ्या जावेचा विचार कर. ती या घरात कधी आली असेल? बहुतेक तेव्हा, जेव्हा हे कुटुंब अजून एकाच खोलीत होतं. सासूबाई तेव्हा तरुण होत्या आणि दुःख ताजं होतं. तुझ्या आधी पेले तिने भरलेत. ती सणाला पाहुणीसारखी बसते, कारण आपली पाळी संपली असं तिला वाटतं. एकदा तिच्या घरी एकटी जा. तक्रार करू नकोस, विचार: ‘तुम्ही काय केलंत?’ माझा अंदाज आहे, तिच्याकडे सांगायला बरंच निघेल. मग दुसऱ्या भेटीत विषय काढ की सासूबाईंनी महिन्यातले काही दिवस थोरल्यांकडे राहायला काय हरकत आहे. आई धाकट्याकडे राहते याचा अर्थ थोरल्यांचं नातं संपलं असा कुठेच होत नाही. तो पंधरा दिवस समुद्रावर असतो तेव्हा तर हे सहज जमण्यासारखं आहे. पण प्रस्ताव भावाभावांमध्ये ठरायला हवा, तुझ्याकडून जायला नको.

आणि एक आग्बिर्चेक शोध. नवऱ्याची आत्या, मावशी, शेजारची जाणती बाई, जिच्यापुढे सासूबाई जरा दबून असतात अशी कुणीतरी प्रत्येक गोतावळ्यात असते. तिच्याकडे जाऊन बस, तिला मुलगी दाखव, तिच्या हाताखाली नवरोजच्या आधी शेकेरबुरा करायला शीक. त्या करंज्याच आहेत; वरची नक्षी चिमट्याने काढायची असते आणि ती सगळ्याजणी बसून काढतात. असं चार वेळा बसलीस की ती बाई तुझ्या बाजूने एखादा शब्द टाकील. तुझ्या भावाने जे काम करायचं ते तिथे दुसरं कुणी करू शकत असेल तर अशीच एखादी म्हातारी करील.

सासूबाईंशी थेट नातं जोडता येईल का? येईल, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. ‘वाईट नाहीत’ असं तू स्वतःच लिहिलंस, आणि दुःखात असलेली सून एवढं सहसा लिहीत नाही. त्या तुला थेट न बोलता नातीला बोलल्यासारखं करून ऐकवत असतील, तर त्याला तिथे म्हण आहे: मुली, तुला सांगते, सुने, तू ऐक. आपली लेकी बोले सुने लागेच. तेव्हा ती तऱ्हा तुला नवी नाही. पण आग्दामबद्दल त्यांना कधी तू स्वतः विचारलं आहेस का? त्या आठवणी तुला आजवर फक्त नवऱ्याकडून मिळाल्यात, तुझं तोंड बंद करण्यासाठी. त्यांच्याकडून ऐक. घर कसं होतं, अंगणात काय होतं, त्या घरात त्या स्वतः सून म्हणून आल्या तेव्हा पहिलं वर्ष कसं गेलं. त्यांनाही सासू होती. हे मी कर्तव्य म्हणून सुचवत नाही. पाच वर्षांची हकिगत सांगणाऱ्या तुझ्या पत्रात त्या घरातलं एकही खरं संभाषण नाही, म्हणून सुचवते.

आग्दामला परत जाण्याचा प्रश्न त्यामुळेच नाजूक आहे. ते नुसतं म्हातारीचं स्वप्न नाही. २० नोव्हेंबर २०२० रोजी आग्दाम अझरबैजानकडे परत आलं तेव्हा तिथे जवळजवळ काहीच उभं नव्हतं, मशीद सोडली तर. आता सरकार नव्याने बांधतंय आणि विस्थापितांना टप्प्याटप्प्याने परत नेतंय. जमिनीत पुरलेले सुरुंग ही सगळ्यात मोठी अडचण आहे. सासूबाईंना जायचं असेल तर त्यांनी जावं, त्यांचा तो हक्क कुणी नाकारू नये. पण तू आत्ता हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. म्हण, ‘आधी जाऊन बघू. शाळा कुठे, दवाखाना कुठे, मला काम काय, तू पंधरा दिवस समुद्रावर असशील तेव्हा आम्हा दोघींना सोबत कुणाची?’ सुमगाईतहून बाकूला तू हवी तेव्हा गाडीने जाऊ शकतेस. तिथून नाही. आजची तुझी परिस्थिती सुधारण्याआधी तिथे गेलीस तर हाच एकटेपणा तुझ्याबरोबर येईल आणि पळवाटा कमी होतील. एवढ्या एका मुद्द्यावर मी तुला हट्टी व्हायला सांगते.

तुझ्या स्वतःच्या पायांबद्दल. तू अकाउंट्सची बाई आहेस. मुलगी तीन वर्षांची होत आली, बागचात घाल. बालवाडीला तिथे बागचाच म्हणतात, तुला माहीत असेल. आणि काम सुरू कर, घरून का होईना, दुबईतल्या जुन्या ओळखींतून का होईना. पैशासाठी तर आहेच, पण दिवसातले काही तास तुला कुणीतरी तुझ्या नावाने हाक मारली पाहिजे म्हणूनही. सासूबाई कुरकुरतील. पण तुझा नवरा अशा देशात वाढला आहे जिथे बाकूत मुस्लिम मुलींची शाळा १९०१ मध्ये निघाली, १९१८ च्या प्रजासत्ताकाने बायकांना मताचा हक्क दिला आणि सोव्हिएत काळात डॉक्टर, शिक्षिका, इंजिनिअर बायका घराघरांत होत्या. सुनेने नोकरी करणं तिथे नवीन नाही. नोकरीवरून येऊन चहाही तिनेच करणं, हे मात्र तिथे जुनंच आहे, त्यावर लक्ष ठेव.

बाकूत भारतीय माणसं शोध. मेडिकलला आलेली मुलं, तेल कंपन्यांतली कुटुंबं, काही मराठीही भेटतील. मे २०२५ नंतर, अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर, आपल्याकडून तिथे येणाऱ्यांचा ओघ आटला आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुला बरंच ऐकून घ्यावं लागलं असेल. तो ग्रुप म्यूट कर. राज्यकर्त्यांनी काय केलं याचा जाब सुनेला विचारायचा नसतो, ना सातारकरांनी ना सुमगाईतकरांनी.

कायद्याचं म्हटलं होतं, ते थोडक्यात. मोल्लाने लावलेल्या निकाहाला एकट्याला तिथे कायदेशीर किंमत नाही; सरकारी नोंदणी झालेलं लग्नच ग्राह्य. तुझं नोंदलेलं आहे ना, प्रमाणपत्र तुझ्याजवळ आहे ना, बघ. लग्नानंतर दोघांनी मिळवलेली मालमत्ता तिथल्या कायद्याने दोघांची असते, पण सासूबाईंचं घर सासूबाईंचं. तुझा पासपोर्ट, निवास परवाना, मुलीचा जन्मदाखला तुझ्या कपाटात हवेत, सासूबाईंच्या नाही. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, तेव्हा मुलीकडे कुठला पासपोर्ट आहे आणि साताऱ्याला येताना तिला काय लागेल हे प्रवास ठरवण्याआधीच वकिलाला आणि बाकूतल्या भारतीय दूतावासाला विचार. मारहाण नाही असं तू लिहिलंस, मी ते खरं धरते. उद्या कधी हात उगारला गेला तर हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि १०२ ला, पोलिसांना, फोन कर. घरगुती हिंसेविरुद्ध तिथे २०१० पासून कायदा आहे.

आणि एवढं करून काहीच हललं नाही तर? हे मी टाळणार नाही. पुढच्या नवरोजपर्यंत बघ. तोवर तू मागितलेल्यातलं नवऱ्याने काहीही केलं नाही, आईशी एकदाही स्वतः बोलला नाही, तर वेगळ्या घराची मागणी कर; सुमगाईतच, हाकेच्या अंतरावर, आईला रोज भेटता येईल असं. तेही नाकारलं तर तुझा प्रश्न सासूबाईंचा किंवा रीतीचा उरत नाही, फक्त नवऱ्याचा उरतो. मग मला पुन्हा लिही. तेव्हा आपण वेगळं बोलू.

ता. क. ला ता. क.: मुलीशी मराठीतच बोल, अजिबात दबू नकोस. सासूबाईंना भीती वाटते की नात आपल्याला परकी होईल. त्यांना सांग की अझरबैजानी तिला अख्खं गाव शिकवील, मराठी शिकवणारी मी एकटीच आहे. स्वतःचं गाव गमावलेल्या बाईला हे कळायला जड जाऊ नये. बाकूजवळच्या सुराखानीत आतशगाह म्हणून अग्निमंदिर आहे, अठराव्या शतकात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी वापरलेलं. तिथल्या दगडांवर देवनागरी आहे, गणपतीला नमनसुद्धा. तुम्हा तिघांच्या त्या पहिल्या दिवसाला तिथे जाता येईल, आणि पुढे कधी सासूबाईंनाही ने. ही लिपी इथे आधीपासून आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

शिवाय येत्या नवरोजला आईवडिलांना आणि भावाला बोलाव. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, दोन्हीकडच्या मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. दुभाष्याचं काम नवऱ्याला करू दे, तू नुसती बस. भावाला म्हणावं, रजेचा अर्ज आजच टाक, मार्च अखेरीला कुठलाच साहेब रजा देत नाही.

– तुझी ताई